खाली उतरवलेली टोपली

आमच्या दिपमालाला एक वाईट खोड आहे. चूक झाली की ती कबूल करायची तिला घाई सुटते. माणसाने जरा दम धरावा. कोणी विचारतंय का ते पाहावं, विचारलंच तर कोण विचारतंय ते पाहावं, मग तोंड उघडावं. लहानपणी दुधाचं पातेलं कलंडलं तर मांजरीवर ढकलायची सोय असायची, पण ही ओल्या हाताने अंगणात येऊन उभी. आता पस्तिशी ओलांडली, एक संसार करून झाला, तरी तेच. परवा धुळ्याला हाडाच्या दवाखान्यात भावाच्या पायाचं प्लास्टर अजून ओलं होतं, आजूबाजूच्या खाटांवरचे लोक आणि त्यांचे पाहुणे आमच्याकडेच कान लावून बसले होते, आणि ही खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "माय, रोट मी खादा."

तिच्या तोंडावर हात ठेवावा असं वाटलं मला. पण माझ्या शेजारी भागाबाई बसली होती. भागाबाई म्हणजे आमच्या भाऊबंदकीतली थोरली जाऊ. तिला एक शब्द कानावर पडला की संध्याकाळपर्यंत तो गावच्या शेवटच्या घरी पोचलेला असतो.

बाहेरच्या माणसाला वाटेल, रोट खाल्ला यात कबूल करण्यासारखं काय आहे? म्हणून सांगते.

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, दागिने घालायचे, चौरंगावर मांडायची, रात्रभर तिची गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत पाण्यात सोडायची. तिचा प्रसाद म्हणजे रोट. गव्हाच्या जाड पोळ्या. पुरणाचे असतात ते आधी संपवतो, गुळाचे असतात ते टोपलीत टिकतात. आमच्या घरी रीत अशी की घरातल्या जेवढ्या पुरुषांची नावं, तेवढ्यांच्या नावाने सव्वा शेर, सव्वा शेर गहू घ्यायचे. हे रोट खायचे ते घरच्यांनीच. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, पाहुण्याला द्यायचे नाहीत, कुत्र्यामांजराच्याही तोंडी लागू द्यायचे नाहीत. पौर्णिमेच्या आत संपले पाहिजेत. उरले तर पौर्णिमेला शेताच्या बांधाशी खड्डा करून पुरायचे. पुरायची वेळ आली की लोक म्हणतात, या घरात आता खाणारी तोंडं राहिली नाहीत.

आणि घरचे म्हणजे कोण, तेही ठरलेलं आहे. लग्न होऊन आलेली सून अक्षता पडल्या त्या दिवसापासून रोट खाते. लग्न करून दिलेली लेक अक्षता पडल्या त्या दिवसापासून खात नाही. ती दुसऱ्या कुळाची झाली. माझ्या सासूने मला हे सांगितलं, मी सुलक्षणाला सांगितलं. सुलक्षणा माझी सून, प्रेमराजची बायको, धुळ्याची, शिकलेली. तिने ऐकून घेतलं आणि काही विचारलं नाही. आजवर मलाही त्यात काही विचारण्यासारखं दिसलं नव्हतं.

दिपमालाला आम्ही असोद्याला दिलेली. जळगावच्या अंगाला. घर बरं होतं, केळी होती, बोली आमच्यापेक्षा वेगळी म्हणून पहिलं वर्षभर तिची थट्टा व्हायची तेवढंच. मूलबाळ झालं नाही. तिच्या नवऱ्याने, जीवरामने, दुसरी आणली आणि दोघींना एका घरात ठेवायचं म्हणाला. ही पिशवी घेऊन निघाली. उन्हाळ्यात जळगावच्या कोर्टात फारकत झाली. गावात बायका तिला 'सोडलेली' म्हणतात. मी प्रत्येकीला अडवून सांगितलं आहे, सोडलेली म्हणायचं नाही, सोडून आलेली म्हणायचं. त्या दोन शब्दांत माझ्या लेकीचा अख्खा जन्म आहे.

पण हेच तोंड दुसऱ्या ठिकाणी कसं वळतं पाहा. रस्त्यात कोणी विचारलं, "लेक आली का?" तर मी म्हणायची, "आलीय, राहील थोडे दिवस." थोडे दिवस म्हणजे किती, आणि त्यानंतर कुठे, ते मला ठाऊक नव्हतं. ती दळण आणायला जायची, शेतात निंदायला जायची, म्हैस पिळायची. पाहुणी म्हैस पिळते का? तरी मी 'राहायला आली' असं कधी म्हटलं नाही. का म्हटलं नाही, ते आता विचारते आहे मी स्वतःला. तेव्हा विचारलं नाही.

तर यंदाची कानबाई. गहू काढायच्या दिवशी सुलक्षणा हळूच म्हणाली की आई, यंदा एकट्या यांच्याच नावाचे घ्या, बाकी कोणी येणार नाही. खरं होतं. माझा धाकटा हिलाल सुरतेला, त्याची पोरं तिकडेच, प्रेमराजचा समाधान पुण्याला शिकायला. पण मला राग आला. मी तिला विचारलं की देवीला काय सांगू, या वच्छलाबाईच्या घरातली माणसं उणी झाली म्हणून? गहू कमी करायचे म्हणजे नावं कमी करायची. मी सगळ्यांच्या नावाचे घेतले. सुलक्षणाने सूप पुढे केलं.

दळलं दिपमालाने. पीठ मळलं तिने. गंगाफळ म्हणजे लाल भोपळा, तो चिरला, खीर हलवली, आणि रात्री तिच्याइतकी गाणी कोणाला येत नव्हती. माझी सासू म्हणायची ती जुनी गाणी, मीही विसरलेली, तिच्या तोंडात जशीच्या तशी. सोमवारी देवी सोडून आल्यावर ताटं मांडली. मी वाढायला वाकले. दिपमालाच्या ताटाशी आले आणि माझा हात थांबला. क्षणभरच थांबला असेल. तिने तो पाहिला. लगेच म्हणाली, "माले उपास शे," आणि उठून चुलीजवळची सकाळची भाकरी घेऊन बसली.

उपास असलेली बाई भाकरी खात नाही, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं? प्रेमराज खाली मान घालून जेवला. सुलक्षणाने तिच्याकडे लोणच्याची बरणी सरकवली. आम्ही सगळ्यांनी तो उपास मान्य केला. त्याला खोटं म्हणायचं का? खोटं म्हटलं की कोणीतरी फसलं पाहिजे. इथे बोलणारीला ठाऊक, ऐकणाऱ्यांना ठाऊक, फसलं कोणीच नाही. मी पुष्कळ विचार केला, मला वाटतं ते खोटं नव्हतं. ती मला वाचवत होती. माझ्या तोंडून 'तुला चालत नाही' हे शब्द यायचे होते, ते तिने येऊ दिले नाहीत.

मी वाचले आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटलं होतं हे आठवलं की आता घास उतरत नाही.

रोट ढीगभर उरले. प्रेमराजला साखर आहे, गूळ बंद. सुलक्षणा चिमणीसारखी खाते. माझे दात गेलेले, मी दुधात कुस्करून अर्धामुर्धा खाणार. बायका येता-जाता विचारायला लागल्या, संपले का रोट, पुरायला लागतात की काय? त्यात भागाबाईचा आवाज सगळ्यांत गोड. टोपली मागच्या खोलीत शिंक्याला टांगलेली होती. एक दिवस मी ती उतरवली आणि दाराजवळच्या धान्याच्या कोठीवर ठेवली. सुलक्षणाने विचारलं तेव्हा म्हणाले, मुंग्या लागतात.

दुसऱ्या दिवसापासून रोट कमी व्हायला लागले.

प्रेमराजला वाटलं मी खाते. सुलक्षणाला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही. मी कोणाला काही विचारलं नाही. उलट भागाबाई आली तेव्हा ताठ मानेने सांगितलं, आमच्याकडे संपत आले. ती म्हणाली, एवढे कोण खातंय गं? मी म्हणाले, "घरचेच खातात." हे मी मोठ्याने म्हणाले होते. दिपमाला तेव्हा अंगणात शेण गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

पौर्णिमा तोंडावर आली आणि प्रेमराज फवारणीचं औषध आणायला दोंडाईच्याला निघाला. येताना रस्त्यात कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली, पाय गुडघ्याखाली मोडला. तिथल्या डॉक्टरने धुळ्याला न्या म्हणून सांगितलं. भागाबाईच्या पुतण्याची जीप मिळाली, म्हणून भागाबाईही आली. वाटेत तिचं सुरू झालं. श्रावण महिना, कानबाई नुकतीच उठली, आणि घरच्या कर्त्या माणसाचा पाय मोडतो, म्हणजे काहीतरी चुकलंय. सोवळ्यात चुकलं का? रोटात चुकलं का? तिने मला विचारलं, सुलक्षणाला विचारलं. दिपमालाला विचारलं नाही. ती मागच्या बाकावर कोपऱ्यात बसली होती. भागाबाई तिच्याकडे बघत मात्र होती.

म्हणून मग दवाखान्यात ते झालं. "माय, रोट मी खादा."

प्रेमराज गुंगीत होता, तरी हसला. म्हणाला, "अक्का, माले कुत्रं आडवं उनं. कुत्र्याले काय माहीत रोट कोन खादा ते?" तो थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतो. पण भागाबाई हसली नाही. ती म्हणाली, चोरी ती चोरी, त्यातून देवीच्या घरची, आणि भोगतो कोण, तर सख्खा भाऊ. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने च्च च्च केलं. दिपमाला भिंतीला टेकली. तिने माझ्याकडे पाहिलं.

आणि मी गप्प बसले.

माझं तोंड गावाला माहीत आहे. सरपंचाला मी भर सभेत उभं केलंय. कंडक्टरला एसटी थांबवायला लावली आहे. तिसरीत शाळा सुटली पण बोलण्यात मी कोणाला हार गेले नाही. त्या दिवशी मला एक वाक्य सुचलं नाही असं नाही. वाक्य जिभेवर होतं. मी ते गिळलं आणि सुलक्षणाला म्हणाले की डॉक्टरने कोणती गोळी सांगितली ती आण.

प्रेमराजला घरी आणल्यापासून दिपमाला मागच्या खोलीत पाय ठेवत नाही. गोठ्यातच बसते. पाणी बाहेरच्या माठातलं पिते. भावाला चहा द्यायचा तर उंबऱ्यातून सुलक्षणाच्या हातात देते. म्हशीशी बोलते, आमच्याशी बोलत नाही. जळगावला तिची एक मैत्रीण डाळीच्या कारखान्यात कामाला आहे, तिला फोन केला म्हणे, राखी बांधली की येते. आणि भागाबाईने तोडगा काढून ठेवलेला. दिपमालाने कानबाईची ओटी भरावी, नाक घासावं आणि पौर्णिमेनंतर या घराच्या आत राहू नये, म्हणजे प्रेमराजचा पाय नीट बसेल.

मला भागाबाईचं बोलणं पटलं असतं तर सोपं झालं असतं. पण ही भागाबाई मी ओळखते. सुलक्षणा लग्न होऊन आली त्या साली आमची दुभती म्हैस मेली, तेव्हा तिने सुलक्षणाचा पायगुण वाईट ठरवला होता. पुढच्या साली आमच्या विहिरीला पाणी लागलं, ते कोणाच्या पायगुणाने, हे मात्र ती सांगायला आली नाही. एक गोष्ट झाली आणि तिच्यामागे दुसरी झाली, एवढ्यावरून दुसरी पहिलीच्या पोटची ठरत नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी म्हैस मेली तेव्हा महिनाभर सुलक्षणाच्या हातचं पाणी नाक मुरडून प्यायले होते. कळणं आणि वागणं यांची माझ्या घरी कधी गाठ पडत नाही.

काल दुपारी सुलक्षणा डाळ निवडत होती आणि मी भिंतीला टेकून बसले होते. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "आई, शिंक्याला मुंग्या लागतात का?"

मी म्हणाले, काय?

"टोपली शिंक्याला होती. शिंक्याला मुंग्या लागत नाहीत. कोठीवर लागतात. तुम्ही वरून काढून खाली ठेवली."

मी म्हणाले की मला वर हात पुरत नाही.

"माझा पुरतो," सुलक्षणा म्हणाली. "दिपमाला अक्कांचा पुरत नाही."

मग ती पुन्हा डाळ निवडायला लागली. जराशाने म्हणाली की तिने दिपमालाला खाताना पाहिलं होतं, आणि पाहून परत फिरली होती. ती म्हणाली, मला वाटलं तुम्ही दिलंय.

मीही पाहिलं होतं. एका दुपारी देवळातून लवकर आले. मागच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. आत दिपमाला उभी. कोठीला टेकून, पाठ आत आणि कान अंगणाकडे. रोट कोरडा, तोंडात कोंबलेला, पाणी जवळ नाही. पावलं वाजली असती तर तिने तो पदरात लपवला असता. मी पावलं वाजवली नाहीत. मागे फिरले, अंगणाच्या टोकाला गेले आणि तिथून म्हशीला मोठमोठ्याने शिव्या द्यायला लागले, म्हणजे तिला तोंड पुसायला वेळ मिळावा. म्हशीने बिचारीने काही केलं नव्हतं.

हे मी सुलक्षणाला सांगितलं. तिने निवडलेली डाळ बाजूला ठेवली आणि मला विचारलं, मग तुम्ही तिला 'खा' म्हणून का नाही सांगितलं?

हाच प्रश्न. दुपारपासून संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी भांडत होते. मी दिलं का? हातात दिलं नाही, तोंडाने म्हटलं नाही, मग दिलं कसं म्हणू? नाही दिलं म्हणावं, तर टोपली खाली कोणी आणली? तिला आवडतात ते गुळाचे रोट वरच्या थराला कोणी रचले? तेही मीच केलं होतं. अजून सांगितलं नव्हतं, आता सांगते. मी घेऊ दिलं. देणं निराळं आणि घेऊ देणं निराळं. दिलं असतं तर रीत माझ्या हाताने मोडली असती. घेऊ दिलं, म्हणजे रोट संपले, गावात मान राहिला, लेकीचं पोटही भरलं, आणि रीत मोडली ती तिच्या हाताने. माझे हात कोरडे.

आणि चोरी म्हणाली भागाबाई. तर चोरी म्हणजे काय? पाहुणा आला तर आपण त्याला वाढतो, तो आपल्या हाताने घेत नाही. घरचं माणूस भूक लागली की उठतं, डब्याचं झाकण काढतं, घेतं. त्याला कोणी चोर म्हणत नाही. पण चोरही आपल्याच हाताने घेतो. मग घरच्या माणसात आणि चोरात फरक कुठे राहिला? हात तर दोघांचा सारखाच जातो. मला बसून बसून एवढंच सापडलं की चोराचा कान दाराकडे असतो. घरच्याचा नसतो. दिपमालाचा कान दाराकडे होता. म्हणजे ती चोर झाली. पण तिचा कान दाराकडे लावला कोणी? सोमवारी ताटाशी माझा हात थांबला, तेव्हा लागला तो. त्याआधी या घरात ती झाकणं उघडून खातच मोठी झालेली.

असोद्याच्या घरी गेल्या साली तिने त्यांचे रोट खाल्ले. यंदा ते घर तिचं नाही. आमचं घर अठरा वर्षांपूर्वीच तिचं राहिलं नव्हतं. म्हणजे यंदाच्या श्रावणात अख्ख्या खान्देशात अशी एक टोपली नव्हती जिच्यात माझ्या लेकीने बसून हात घालावा. हे मला दिसायला तिच्या भावाचा पाय मोडावा लागला, असं म्हटलं तर तेही भागाबाईसारखंच होईल. पाय कुत्र्याने मोडला. मला दिसलं ते सुलक्षणाने विचारलं म्हणून.

रीत मोडली याचं भय मला नाही असं नाही. आहे. माझी सासू चांगली बाई होती, तिने हे उगाच सांगितलं नसेल. देवी रागावते की नाही, मला माहीत नाही. पण रागवायची असेल तर तिने नीट बघून रागवावं, एवढं मला वाटतं. आणि नीट बघायचं तर कोणी तरी तिला नीट सांगायला पाहिजे.

आज पौर्णिमा. सकाळी दिपमालाने अंघोळ करून प्रेमराजला राखी बांधली. तो खाटेवर, ती खाली उभी. पायाला धक्का लागला तर दुखेल म्हणून लांबूनच ओवाळलं तिने. त्याने म्हटलं, थांब ना अक्का, कुठे चाललीस, माझा पाय तरी बरा होऊ दे. तिने मान हलवली. पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. असोद्याहून आणली होती तीच.

भागाबाई सकाळीच येऊन ओसरीवर बसली होती. उरलेले रोट पुरताना मोठी बाई लागते, म्हणून आले म्हणाली. मी मागच्या खोलीत गेले. टोपलीत तळाला थोडेच रोट होते. दवाखान्यापासून कोणी हात लावला नव्हता. टोपली कमरेवर घेतली आणि बाहेर आले. भागाबाई उठली, तिला वाटलं बांधाकडे निघालो. दिपमालाने मला येताना पाहिलं आणि वाट सोडून बाजूला झाली, टोपलीचा वारा लागू नये तशी.

मी टोपली ओसरीच्या मधोमध ठेवली. माफी मागायची मला सवय नाही, आणि एवढ्या मोठ्या झालेल्या लेकीसमोर तोंड कुठून उघडायचं तेही कळत नव्हतं. म्हणून मी नेहमीच्याच आवाजात बोलले. दवाखान्यात गिळलं होतं ते, आणि त्याच्यापुढचंही.

"दिपमाला, पिशवी खाले ठेव. तू चोरी करी नही. टोपली मी उतारी, तू खाशी म्हणीसन उतारी, आन 'खाय' म्हणाले माले जड गयं. तुनं चुकनं ते एवढंच, तू उभी ऱ्हाईसन खादं, दरवाजाकडे कान लाईसन. तसं तुले उभं कोन करं? मी करं. देवी इचारी तर तिले मनं नाव सांग, भागाबाईबी सांगी. ह्या घरमा तू पाव्हनी नही, तुले कोनी वाढणार नही. बस आते खाले, तुना हाते ले, आन बशीसन खाय."